80 ची 91 इंची जीप : हे रविवारचं काम नाही

पाटा_क्लॅम्प
सीजे-3बी म्हणजे जुनी विलीज-महिंद्रा जीप. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या धुरीतलं (अ‍ॅक्सलमधलं) अंतर, 80 इंच. तो 91 करायची एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. "सीजे-3बी ला 91 इंची बॉडी बसवणं सोपं. चेसी मधून कापा, 11 इंचांचा तुकडा घाला, वरून लांब बॉडी ठेवा. शनिवारी सुरू, रविवारी संध्याकाळी चक्कर." खाली बदामांचा पाऊस.

अहो, चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पडद्याचा रॉड आहे का, कमी पडला की जोड द्यायला? अंतर 80 वरून 91 गेलं की मधोमध पडलेल्या वजनाने वाकवणारा जोर 14 टक्के वाढतो. लवण, म्हणजे मधे खाली झुकणं, तर लांबीच्या घनाने वाढते, म्हणजे चेसीच्या त्याच सी-आकाराच्या चॅनेलला 47 टक्के जास्त. दोन चाकांच्या मधे चॅनेलची खालची आडवी पट्टी सतत ताणाखाली असते आणि हे महाशय नेमका तिच्यावरच सरळ उभा टाका मारायला सांगतात. तडा तिथूनच चढणार.

91 हवी असेल तर 91 म्हणूनच नोंदलेली महिंद्राची एमएम 540 घ्या. 80 वाली आहे तशी राहू द्या.

घाटउतार
इतकं घाबरवायची गरज नाही. विलीजनेच 1955 मध्ये 81 इंची सीजे-5 वरून 101 इंची सीजे-6 काढली. 20 इंच! महिंद्राची 91 इंचीसुद्धा त्याच घराण्यातली. लांब करणं हे पाप नाही, वाईट जोडकाम हे पाप आहे.

नीट करायचं तर असं. गाडी सपाट फरशीवर लेव्हल करा. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरचे, म्हणजे ते चेसीला जिथे टांगतात त्या कड्यांचे, मध्य ओळंब्याने फरशीवर उतरवून खुणा करा. कापण्याआधीच दोन्ही बाजूंना लांब अँगल टॅक करा, नाहीतर कापल्यावर मागचा भाग कुठे गेला ते शोधत बसाल. काप ट्रान्स्फर केसच्या (फोर-व्हीलच्या गिअर पेटीच्या) क्रॉसमेंबरच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, मागे आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या अलीकडे. सरळ नाही, पायरीचा : वरच्या पट्टीचा जोड एकीकडे, खालच्या पट्टीचा तीन-चार इंच सरकून. डावा-उजवा जोडही समोरासमोर नको. कडा तिरप्या घासा, 3 मिमी फट ठेवा. 7018 वेल्डिंग रॉड सुमारे 300 अंश सेल्सिअसवर तासभर भाजून गरम असतानाच वापरा. शेवटी कर्ण मोजा. दोन कर्णांत 3 मिमीपेक्षा जास्त फरक आला की गाडी खेकड्यासारखी चालणार.

आणि फायदा कुणी बोलतच नाही. 80 इंचीचा मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या धुरीला फिरवणारा दांडा, आखूड. समजा तो 20 इंच आहे आणि दोन टोकांच्या उंचीत 5 इंच फरक आहे, तर कोन 14 अंश. 31 इंच केला की 9. शाफ्टच्या सांध्यांमधले क्रॉस जास्त टिकतात. फक्त शाफ्टला नवी नळी घालताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत ठेवा आणि बॅलन्सिंग करून घ्या.

पाटा_क्लॅम्प
सीजे-6 ची चेसी कारखान्यात लांब म्हणूनच बनली, कापून नाही. फरक कळतो ना? आणि जोडावर मारायच्या आधाराच्या पट्टीचं, फिशप्लेटचं काय? त्यावर सोयीस्कर मौन.

घाटउतार
प्लेट चेसीच्या जाडीची, फक्त उभ्या भिंतीवर, टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती. पट्ट्यांच्या कडेवर टाका नाही. चौकोनी प्लेट चारी बाजूंनी वेल्ड केली की जोड टिकतो आणि प्लेट संपते तिथे चेसी तुटते. मौन सुटलं?

हौदा_प्रेमी
एवढी कापाकापी कशाला? 80 च्या चेसीवरच लांब हौदा (मागची बॉडी) ठेवायचा, मागे चॅनेल वाढवायचा. आमच्याकडच्या वडापच्या जीपा बघा, मागच्या फळीवरसुद्धा चौघे उभे.

घाटउतार
आला वडापवाला. मागच्या धुरीच्या 30 इंच मागे 100 किलो ठेवले की पुढच्या चाकांवरचे साडेसदतीस किलो उचलले जातात. बॉडी तीच ठेवून धुरी 11 इंच मागे नेली तर तेच वजन धुरीपासून 19 इंचांवर येतं आणि पुढून 21 किलोच कमी होतात. चढाला स्टिअरिंग हलकं झालं म्हणून खूश होऊ नका, टायर रस्ता सोडत असतो. शिवाय नियमात ओव्हरहँग, म्हणजे मागच्या धुरीमागे लोंबणारा भाग, व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपर्यंतच. 80 ला 48 इंच, एक इंच पुढे नाही.

हरिकेन_134
मूळ मुद्दा कुणालाच नको आहे. लांब करणारा प्रत्येक जण आधी मूळ पेट्रोल इंजिन, हरिकेन, उपटून भंगारात घालतो आणि डिझेल कोंबतो. 3बी चं बॉनेट उंच आहे ते त्याच एफ-हेड इंजिनासाठी! इंजिन गेलं तर ते उंच नाक कशाला मिरवता?

हौदा_प्रेमी
पेट्रोलचे पैसे तुम्ही पाठवा, ठेवतो हरिकेन.

कलम_52
वेल्डिंग झालं असेल तर कागदाकडे या. आरसीवर व्हीलबेस छापलेला असतो : 2032 मिमी, म्हणजे 80 इंच. फितीने मोजायला इन्स्पेक्टरला एक मिनिट लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालणार नाही. कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चेसी एक, बॉडी दोन, इंजिन तीन, मोजत बसा.

घाटउतार
रस्त्यावरच्या निम्म्या जीपा मग जप्त करा. जुन्या जीपा बदलून विकणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीला जाऊन सांगा हे.

कलम_52
बाकीचे सिग्नल तोडतात म्हणून तुमची पावती माफ होत नाही. कुणी 91 इंची भंगार चेसी आणून तिच्यावर 80 चा नंबर ठोकायचा विचार करत असेल तर ती मॉडिफिकेशन नव्हे, बनावटगिरी. आणि सगळ्यात मोठा तोटा : 2021 पासून पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. जुनी 3बी कापलीत की तो दरवाजा कायमचा बंद.

हरिकेन_134
हेच मी म्हणत होतो.

कलम_52
तुम्ही पेट्रोलबद्दल म्हणत होता.

घाटउतार
बरं, 50 वर्षांची मूळ गाडी कापू नये, हे मान्य. शेतावरची, रस्त्याला न येणारी कापली तर तुमचं कलम गोठ्यात येणार आहे का?

पाटा_क्लॅम्प
गोठ्यातली कापा, पण अर्धवट माहितीवर नको. त्या पोस्टमध्ये "हँडब्रेकची केबल लांब करा" असंही लिहिलंय. 3बी चा हँडब्रेक ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे असतो, चाकात नाही. केबल आहे तिथेच राहते. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे पेट्रोलची नळीही तीच. बदलतो तो मागचा ब्रेक पाइप. तिथे 11 इंचांचा तुकडा जोडायचा नाही. मूळ मापाची अखंड नवी नळी, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर (कड दुमडून केलेलं तोंड).

हौदा_प्रेमी
आणि बॉडी? 18 गेजच्या पत्र्याचा हौदा घ्यायचा की 16, म्हणजे जाड?

घाटउतार
तळ 16, बाजू 18 चालेल. वाढलेले 11 इंच दार आणि मागच्या चाकाची कमान यांच्यामध्ये पडले पाहिजेत, नाहीतर टायर कमानीला घासेल. नव्या तुकड्यावर बॉडी माउंटची एक जोडी जास्त, खाली रबर. ते विसरलात तर तळाचा पत्रा डब्यासारखा वाजतो.

पाटा_क्लॅम्प
वळणाचा घेरही 14 टक्के वाढतो, तेवढं सांगून टाका. पोटाची उंची 12 इंच धरली तर बांधावर अडकण्याचा कोन 33 वरून साडेएकोणतीसवर येतो. छोट्या जीपची सगळी मजा त्यातच होती.

घाटउतार
घाट उतरताना शेपूट कमी हलतं, तेही लिहा.

पाटा_क्लॅम्प
लिहिलं. चेसीला आतून बॉक्स करणार, म्हणजे चॅनेलची उघडी बाजू पट्टीने बंद करणार असाल तर ती पट्टी जोडाच्या अलीकडे-पलीकडे फूटभर न्या, टोकं तिरपी ठेवा, खाली पाणी जायला भोकं पाडा. 47 टक्के मी विसरलेलो नाही.

हरिकेन_134
काढलेलं हरिकेन कुणाला नको असेल तर सांगा, उचलून नेतो.