जोडीदाराच्या देशात संसार : आधी भाषा आणि कमाई, की आधी विमान?

पेग्निट्झकाठ (धागाकर्ती)

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. मुलगा जर्मन, कामानिमित्त पुण्यात होता, दोघं दीड वर्ष एकमेकांना ओळखतात. बातमी ऐकून आनंदच झाला. पण लगेच ती म्हणाली, "राजीनामा दिलाय ताई. मार्चमध्ये निघते. बाकीचं तिथं गेल्यावर बघू." हे 'बाकीचं' काय असतं ते मी न्युर्नबर्गमध्ये दहा वर्षं बघतेय, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या देशात राहायला जायचं असेल तर त्या देशाची भाषा कामापुरती येईपर्यंत आपली नोकरी सोडू नये. जर्मनीपुरतं बोलायचं तर बी-२ पातळीपर्यंत. (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा असतात, बी-२ ही चौथी.) त्यात दीड-दोन वर्षं गेली तरी चालतील.

मी पुण्यात वकिली करत होते. शिवाजीनगर कोर्टात सात वर्षं. २०१५ मध्ये लग्न झालं. जर्मन माणसाच्या बायकोला व्हिसासाठी ए-१ परीक्षा द्यावी लागते, ती बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात दिली आणि २०१६ मध्ये इथे आले. ए-१ म्हणजे नाव, गाव, "दोन पाव द्या" एवढी भाषा. इथल्या न्यायालयात वकिली करायची तर इथल्या कायद्याच्या दोन राज्य परीक्षा द्याव्या लागतात, आपली सनद त्यासाठी चालत नाही. हे मला निघण्याआधी माहीत होतं, पण 'काहीतरी मिळेल' असं वाटत होतं.

सरकारचा इंटिग्रेशन कोर्स केला. ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. त्यातून बी-१ झाले. बी-१ वर बेकरीत अर्धवेळ काम मिळालं. भाषा वर्गात शिकलेली आणि कानावर पडायची फ्रँकोनियन बोली, जिच्यात 'ट'चा 'ड' होतो आणि 'प'चा 'ब'. पहिले दोन महिने गिऱ्हाईक काय मागतंय ते मी बोटाच्या दिशेवरून ओळखत होते.

आणि पहिला पगार. इथे नवराबायकोला करवर्ग निवडता येतात. जास्त कमावणारा वर्ग तीन घेतो, कमी कमावणारा वर्ग पाच. दोघांचा मिळून वर्षाचा कर शेवटी तेवढाच होतो, पण दर महिन्याला वर्ग पाचवाल्याच्या पगारातून भरपूर कापलं जातं आणि वर्ग तीनवाल्याच्या हातात जास्त येतं. माझी पगारपत्रिका बघून नवरा अगदी मायेनं म्हणाला, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला दमतेस?" त्या रात्री मी खूप रडले. माझ्या कमाईचा काही भाग कागदावर त्याच्या पगारात दिसतोय हे तेव्हा आम्हा दोघांनाही समजलं नव्हतं. २०१८ मध्ये मुलगी झाली. पालकत्वाच्या रजेचा भत्ता, एल्टर्नगेल्ड, आधीच्या निव्वळ पगारावर ठरतो. वर्ग पाच होता, म्हणून तोही कमी.

२०२० मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, मी कर सल्लागाराच्या कार्यालयात तीन वर्षांची आउसबिल्डुंग सुरू केली. म्हणजे नोकरी आणि शाळा एकत्र, विद्यावेतनासह. वर्गात बाकीची मुलं १८-१९ वर्षांची. आज चांगली नोकरी आहे, काम आवडतं. पण वकिली सोडल्यापासून ते स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत सात वर्षं गेली. यातली निदान तीन मी पुण्यात बसून वाचवू शकले असते असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

ओसाकाचा जावई

ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण मत अजिबात पटलं नाही.

मी इचलकरंजीचा, बी.कॉम. बायको जपानी. लग्नानंतर चार महिन्यांत ओसाकाला आलो तेव्हा जपानी म्हणजे 'आरिगातो' आणि आणखी पाच-सहा शब्द. जपानी माणसाच्या जोडीदाराला जो व्हिसा मिळतो त्यावर कुठलंही काम करता येतं. मी रात्रपाळीला बेन्तोच्या कारखान्यात लागलो. बेन्तो म्हणजे तयार जेवणाचे डबे. पट्ट्यावरून डबा येतो, भात घालायचा, पुढं ढकलायचा. शेजारी पन्नाशीच्या बायका असायच्या, त्यांनी मला बोलायला शिकवलं. चुकलं की हसायच्या, परत म्हणून घ्यायच्या. तिसऱ्या वर्षी जपानी भाषेची एन-२ परीक्षा पास झालो. आज बंदराजवळ एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं बघतो.

कोल्हापुरात क्लास लावून हे झालं असतं का? नाही. जिथं पोटाचा प्रश्न असतो तिथं भाषा येते. आणि तुम्ही दोन वर्षं म्हणताय. लग्न होऊन दोन वर्षं एक इथं आणि एक तिथं? फोनवर संसार होत नाही. माझ्या ओळखीत एक लग्न याच पायी मोडलंय.

एक वेगळं दुःख बाप्या माणसाचं. गावी आजही मला 'घरजावई' म्हणतात. वडील दोन वर्षं कुणाला सांगत नव्हते की मी डबे भरतो. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही, पण त्यांना वाटली, ते लागलं.

पेग्निट्झकाठ

दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून आत कुठेतरी हललं. माझ्या आईनंही "बेकरीत" हा शब्द नातेवाइकांसमोर कधी उच्चारला नाही.

पण एक विचारते. तुम्ही रात्रपाळी करत होतात तेव्हा पोटात बाळ नव्हतं. बाईच्या बाबतीत 'तिथं जाऊन तीन वर्षांत शिकू' ही तीन वर्षं बहुतेक वेळा बाळंतपणाचीच असतात. इंटिग्रेशन कोर्सला माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या चार जणींनी मध्येच सोडला. चौघींचंही कारण एकच, मूल, आणि पाळणाघरात जागा नाही. दूर राहण्याचा त्रास खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण लग्न ठरल्यापासून शिकायला सुरुवात केली, लग्न वर्षभर पुढे ढकललं, तर ताटातूट कशाला हवी?

सिस्टर सांगलीची

मी नर्स आहे, नवरा जर्मनीतल्या हॅनोवरचा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण मूळ प्रश्न 'तुमचं काम कुठलं' हा आहे.

नर्स, डॉक्टर, शिक्षक यांच्या पदवीला इथे आधी मान्यता लागते. नर्सला बी-२ भाषा आणि वर अभ्यासक्रमातला फरक भरून काढायला एक तर रुग्णालयात प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा. मान्यता येईपर्यंत सहायक म्हणून काम, सहायकाचा पगार. मी मिरजेत असतानाच बी-२ केलं होतं, म्हणून आल्यावर वर्षभरात पूर्ण नर्स म्हणून रुजू झाले. माझ्यासाठी ताईंचा सल्ला शंभर टक्के लागू. इंजिनिअरला मात्र नोकरीसाठी सरकारी मान्यतेची सक्ती नाही, घेणारी कंपनी मिळाली की झालं. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

कर्वे रोड

एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. मुलीनंच का जायचं? नवरा इथे का येऊ शकत नाही?

माझ्या बहिणीचा नवरा फ्रेंच आहे, पुण्यात राहतो. नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. ते मिळालं की इथे नोकरी, व्यवसाय करता येतो. शेतजमीन घेता येत नाही, मत देता येत नाही, अशी काही बंधनं आहेत. तो फ्रेंच शिकवतो, भाषांतरं करतो. बहिणीची सतरा वर्षांची नोकरी टिकली. पगार युरोत नाही, म्हणून तो कमी मानायचं का? जर्मन मुलानं दीड वर्ष मराठी शिकावं असं या धाग्यात एकानंही सुचवलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेग्निट्झकाठ

हे मला सुचलं नाही हे कबूल करते. माझ्या लग्नात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, मीही नाही.

उंबरठा

मला हा सगळाच सूर खटकतो. संसार म्हणजे कंपनी आहे का? मी १४ वर्षं जर्मनीतल्या बाडेनमध्ये आहे, दोन मुलं वाढवली, नोकरी केली नाही. नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात मी विनामूल्य आहे. उद्या घटस्फोट झालाच तर लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेले पेन्शनचे हक्क इथल्या कायद्यानं निम्मे निम्मे वाटले जातात. म्हणजे माझं घरातलं काम हा कायदाही काम मानतो. मग तुम्ही का मानत नाही? मुलं शाळेतून येतात तेव्हा मी घरी असते आणि आमच्या घरात मराठी बोललं जातं. नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या मुलांना मराठी समजतं, बोलता येत नाही.

पेग्निट्झकाठ

तुमच्या कामाला मी काम मानते, अगदी मनापासून. माझ्या मुलीचं मराठी तोडकंमोडकं आहे आणि ती बोच मला रोज असते.

पण मी दिवसभर लोकांचे कराचे कागद बघते, म्हणून एवढंच सांगते. अर्धं पेन्शन म्हणजे एका माणसाच्या पेन्शनमध्ये दोन घरं. पन्नाशीत वेगळं झालेल्या बाईला पुढची पंधरा-सतरा वर्षं कमवावंच लागतं, आणि तेव्हा पहिल्यांदा नोकरी शोधणं फार अवघड. मिनीजॉबचंही तसंच, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराची छोटी नोकरी. २०२५ मध्ये त्याची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती. हातात पूर्ण पैसे येतात म्हणून बायका वर्षानुवर्षं तिथेच राहतात, पण त्यात बेकारी विमा नाही आणि पेन्शन नावापुरतं. तुमची निवड चुकीची असं मी म्हणत नाही. निवड करताना हे माहीत असावं, एवढाच माझा आग्रह आहे.

माई नाशिक

मी इंटरनेटवर फारसं लिहीत नाही. माझी लेक सहा वर्षांपूर्वी अशीच गेली. जावई चांगला होता, तरी दोन वर्षांत नाही पटलं. तेव्हा कळलं की तीन वर्षं एकत्र राहणं पूर्ण झालं नसेल तर तिथं राहायचा तिचा स्वतःचा हक्क धोक्यात येतो. पोरगी घाबरून गेली होती. तिच्याजवळ वेगळं खातं नव्हतं, घरभाड्याच्या करारावर नाव नव्हतं. मी तिला पाठवताना पैठण्या दिल्या, मसाले दिले, कुकर दिला. पैसे दिले नाहीत, कारण जावयाला वाईट वाटेल असं आमच्या ह्यांना वाटलं.

बाळांनो, जाताना सहा महिन्यांचा खर्च स्वतःच्या नावावर ठेवा आणि सोनं इथल्या लॉकरमध्ये राहू द्या. भाषेचं मला काही कळत नाही.

ओसाकाचा जावई

माई, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. हे मी मान्य करतो. मलाही पहिलं वर्ष बायकोच्या खात्यावर काढावं लागलं, चप्पल घ्यायची तरी तिला सांगून. ती कधी काही बोलली नाही, तरी ते टोचायचं. भाषा तिथंच येते यावर मी अजून ठाम आहे. पण हातात पैसे हवेतच.

निघायच्या तयारीत

सगळ्यांना नमस्कार. धाग्यातली ती मावसबहीण मी नाही, पण गोष्ट माझीच वाटली. वय २७, सॉफ्टवेअरमध्ये आहे, डिसेंबरमध्ये लग्न, मुलगा स्टुटगार्टचा. माझी सध्याची पुण्यातली कंपनी म्हणते, "तिकडून काम कर, पगार इथेच जमा करू." मग माझा प्रश्नच मिटला ना? ए-२ झालंय, पुढचं तिथं करेन.

पेग्निट्झकाठ

थांब गं. काम करायची परवानगी तुला असेल, जोडीदाराच्या परवान्यावर ती मिळते. पण तू जर्मनीत राहून, जर्मनीत बसून काम करणार, तर त्या पगारावर कर जर्मनीत लागतो, पगार पुण्याच्या बँकेत पडला तरी. आरोग्य विमा, पेन्शन यांचे हप्तेही आले, आणि त्यासाठी तुझ्या कंपनीला इथे नोंद करावी लागेल. बऱ्याच कंपन्या हे ऐकून मागे सरतात. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायचं तर तुला इथल्या कर कार्यालयात नोंदणी करावी लागेल, पण एकाच कंपनीचं, तिच्या सांगण्यावरून, तिच्या वेळेत काम केलंस तर ते नोकरीच धरलं जाऊ शकतं. कंपनीकडून हे लेखी घे, तोंडी नको.

तुझं क्षेत्र इंग्रजीवर चालतं, त्यामुळे माझ्यासारखी सात वर्षं तुझी जाणार नाहीत. तरीही निघण्याआधी बी-१ कर. आणि लग्नाआधी त्याच्याशी एक बोलून घे : करवर्ग दोघांचाही चार ठेवायचा, म्हणजे कुणा एकाच्याच पगारातून जास्त कापलं जात नाही. मूल हवं असेल तर हे आधीच ठरव, कारण भत्त्यासाठी बाळंतपणाआधीच्या वर्षातले बहुतेक महिने जो वर्ग असतो तो धरतात.

निघायच्या तयारीत

ताई, काल रात्री त्याच्याशी बोलले. त्याला वर्ग पाच म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं. म्हणाला, आईला विचारतो. आज सकाळी त्याच्या आईनंच मला फोन केला. त्या २२ वर्षं वर्ग पाचमध्ये होत्या. माझ्या मोडक्या ए-२ जर्मनमध्ये आम्ही चाळीस मिनिटं बोललो, आणि अर्धा वेळ त्याच बोलत होत्या.

लग्न डिसेंबरलाच आहे. निघणं जूनवर ढकललंय. बी-१चा वर्ग सोमवारपासून.