मदत हवी आहे: 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस (1.8 टर्बो), स्पार्क प्लग कुठले आणि ऑइल कुठलं?

शिवापूरकर:
नमस्कार मंडळी, दिवाळीत 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय, मी तिसरा मालक. 1.8 टर्बो, 20 व्हॉल्व्ह, आपल्याकडे आली ती दीडशे हॉर्सपॉवरवाली (युरोपात 180 ची होती, पण खंबाटकी चढायला दीडशे भरपूर झाले). मीटरवर 1,38,000 किमी आहेत, त्यातले खरे किती ते देव जाणे आणि आधीचा मालक जाणे. सर्व्हिसचं म्हणाल तर एक चुरगाळलेली पावती मिळाली, त्यावर नुसतं 'ऑइल बदली' लिहिलंय. कुठलं ऑइल, किती लिटर, काही पत्ता नाही.

त्रास असा की गावात गाडी एकदम गुणी, पण हायवेला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली की 3,000 आरपीएमच्या पुढे टर्बो भरला रे भरला की दोन-तीन हिसके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो, पाय काढला की परत जैसे थे. स्कॅनरवर पी0300 (मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, पण सिलिंडर नक्की नाही) आणि पी0303 (तीन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर) आले.

काल प्लग काढले तर तीन एनजीके निघाले आणि एक कुठल्यातरी भलत्याच कंपनीचा! गॅप (ठिणगी उडते ते टोकांमधलं अंतर) प्रत्येकाचा वेगळा, एकात तर फीलर गेजचं एक मिलिमीटरचं पान घातलं तरी ढिलं जातंय. टोकं चारही फिकट तपकिरी, तेलकटपणा नाही. फक्त तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे, पुसली तरी जात नाही.

आता प्लगसाठी नाना पेठेत चौकशी केली तर एक म्हणतो बीकेआर6ई घ्या, दुसरा म्हणतो टर्बो आहे ना मग 7ई घ्या, तिसरा म्हणतो साहेब सरळ इरिडियम टाका आणि विसरून जा. ऑइलचं तर विचारूच नका, आमचे मेकॅनिक काका म्हणतात जुनी गाडी आहे 20डब्ल्यू-50 ओता, दुकानदार 0डब्ल्यू-20 गळ्यात मारतोय 'लेटेस्ट आहे' म्हणून. गाडी पूर्ण स्टॉक आहे, रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) वगैरे काही नाही. जाणकारांनी सांगा.

मिरजकर:
अभिनंदन, चांगली गाडी घेतलीत. आधी ती काळी रेघ. करंट टोकाला उडी मारायच्या ऐवजी सिरॅमिकच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर खाली पळतोय, त्याची ती खूण आहे. अशी रेघ पडली की बहुतेक वेळा कॉइलच्या (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) रबरी बुटाच्या आतपण पडलेली असते, त्यामुळे नुसता प्लग बदललात तर नवीन प्लगवर तीच रेघ परत येणार. तीन नंबरची कॉइल काढून एकवर लावा, एकची तीनवर, मग एक चक्कर मारा. कोड पी0301 झाला तर गुन्हेगार कॉइल. या इंजिनाच्या त्या काळातल्या कॉइल तशाही नाजूक म्हणून जगभर बदनाम आहेत, त्यामुळे जमल्यास चारही बदला.

प्लग: स्टॉक गाडीला 6 च. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा (बॉशमध्ये बरोब्बर उलटं, तिथे फसू नका). 7 रीमॅपवाल्यांसाठी, गावात हळू चालवलीत तर थंड प्लगवर काजळी बसते, ती जाळून साफ करण्याइतका तो तापतच नाही.

आणि प्लग कुठलाही घ्या, गॅप स्वतः मोजा. 0.7 ते 0.8 मिलिमीटर. टर्बो भरल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठा असेल तर कॉइलचा जीव पुरत नाही. म्हणून गावात गुणी आणि हायवेला हिसके.

स्पॅनर_सातारा:
मिरजकरांशी सहमत, फक्त इरिडियमही वाईट नाहीत, माझ्या गाडीत व्यवस्थित चाललेत. पण त्यांचा गॅप पक्कडीने दाबून कमी करायला जाऊ नका, मधलं टोक फार बारीक असतं, तुटतं. शिवापूरकर तुम्ही आत्ता दोष शोधताय, मग सध्या स्वस्तातले साधे 6ई टाका, 15-20 हजार किमीला बदला, दर वेळी इंजिनाची तब्येत बघायला मिळते ते वेगळंच. आणि हेड (प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आहे, इंजिन पूर्ण गार असतानाच प्लग काढा-घाला, 25 ते 30 न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच.

नाशिकचा_टर्बो:
ऑइलवर कुणीच बोललं नाही म्हणून. डब्यावर मागे 'व्हीडब्ल्यू 502 00' छापलंय का तेवढं बघा, ग्रेड 5डब्ल्यू-40, फुल सिंथेटिक. 0डब्ल्यू-20 या इंजिनाला फार पातळ, दुकानदाराला नमस्कार करून पुढे व्हा. काकांचं 20डब्ल्यू-50 पण नको, सकाळी गार इंजिनात जाड तेल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तोवर ते कोरडंच फिरतं. काकांना दुखवू नका, 5डब्ल्यू-40 चा डबा स्वतः घेऊन जा, ते मुकाट ओततील.

पण माझ्या मते प्लगपेक्षा मोठी काळजी स्लजची. टर्बोच्या उष्णतेने तेल जळून त्याचा डांबरासारखा चिखल होतो आणि सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या जाळीत अडकतो. मग एक दिवस हायवेला लाल दिवा, बझर, आणि टर्बोसकट सगळं गेलं. तुमच्याकडे जुना हिशोब नाही, म्हणजे आत काय ओतलं होतं कुणालाच माहीत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडा, टॉर्च मारा, काळा थर दिसतो का बघा. आणि पुस्तकात 15,000 किमी लिहिलंय ते विसरा, सात-साडेसात हजाराला बदला.

कोपरगाव_एक्सप्रेस:
विषयांतर, पण सध्या सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, 2005 च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बघून घ्या. वास आला तर थांबू नका.

शिवापूरकर:
सगळ्यांचे आभार! कॉइलची अदलाबदल केली, पी0301 आला. बुटाच्या आत टॉर्च मारला तर मिरजकर म्हणाले तशी रेघ आहेच. चार कॉइल आणि चार 6ई मागवलेत. झाकणाखाली मात्र काळा थर आहे, नखाने खरवडला तर नखात राहतोय 😟 आता सम्प काढायचा तर इंजिन उतरवावं लागतं का? काका म्हणतात लागतं, आणि फ्लशिंग ऑइल (इंजिन आतून धुणारं) टाकून भागेल.

नाशिकचा_टर्बो:
इंजिन उतरवावं लागत नाही, आणि फ्लशिंग तर अजिबात नको, सुटलेला चिखल सगळा जाळीतच जाऊन बसेल. गाडी लिफ्टवर घ्या. सम्पचे बोल्ट वीसेक आहेत, त्यातले दोन गिअरबॉक्सच्या बाजूला लपलेले, फ्लायव्हीलची खाच समोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं मग लांब ॲलन की जाते. ते दोन राहिलेत आणि पहार लावली की सम्प फुटतो. टर्बोकडून परत येणारा तेलाचा पाइप सम्पलाच बोल्ट केलेला असतो, तो आधी सोडवा, त्याचं गॅस्केट नवीन. सम्पला गॅस्केट नसतं, सिलिकॉन लागतं, ते पूर्ण सुकल्याशिवाय तेल भरू नका. जाळी निघाली की फोटो टाका.