उत्तर: बावचीचं तेल लावून उन्हात बसणं

भाऊ, वर सोरायसिस या त्वचारोगाच्या चट्ट्यांना बावचीचं तेल लावून उन्हात बसा असा सल्ला दिलाय तो जरा थांबवा, निदान आपल्या जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात तरी. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते त्वचेत मुरलं की तिला उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट ए किरणांना एकदम सेन्सिटिव्ह करतं आणि याच तत्त्वावर दवाखान्यात पुवा (सोरालेन अधिक अल्ट्राव्हायोलेट ए किरण) ट्रीटमेंट देतात, पण तिथं किरणांचा डोस मशीनवर मोजून देतात हो, गच्चीवर कोण मोजणार? आणि खरी गोची पुढेच आहे, सोरालेननं भाजलेलं लगेच कळतच नाही, लाली आणि फोड दोन-तीन दिवसांनी जास्त दिसतात, म्हणजे माणूस काही होत नाहीये म्हणून रोज वाढवून बसतो आणि मग ओरडतो. अंजिराच्या चिकातही हीच भानगड असते.

हळदीच्या लेपाचं म्हणाल तर हळदीतलं कर्क्युमिन सूज वाढवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन दाबतं हे लॅबमध्ये दिसलंय, पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्यातल्या लेपातून आत किती जातं यावर माझा फारसा भरवसा नाही, अंग मात्र पिवळं होतं.

कोरफड लावायचीच तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, त्यातल्या अ‍ॅलोइननं उलट चुरचुरतं, आतला पारदर्शक गर तेवढा घ्या.

आणि ज्यांनी गाजर गवत उपटल्यावर हात सुजल्याचं लिहिलंय त्यांनी यातलं काहीच चोळू नका, तो त्या गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याचा त्रास आहे, आधी साबणानं हात धुवा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.