अमेरिकन आर्मीत रंगरुटांना देतात त्या दोन गोळ्या कसल्या? आणि सैन्याला स्वतःचं लस संशोधन कशाला लागतं?

चिपळूणचा_मामा
नमस्कार मंडळी, माझा भाचा न्यू जर्सीत वाढला, आता तिथल्या आर्मीत भरती झालाय, ट्रेनिंग मिसुरीत फोर्ट लेनर्ड वुडला. पहिल्याच आठवड्यात इंजेक्शनं तर दिलीच, वर दोन गोळ्या दिल्या, चावायच्या नाहीत, अख्ख्या गिळायच्या. म्हणे ही लसच आहे आणि बाहेर कुणाला मिळत नाही. ताईच्या जिवाला घोर लागलाय, पोरावर प्रयोग तर करत नाहीत ना? आणि लशी शोधायला एवढ्या कंपन्या असताना हे काम सैन्य का करतं? जाणकारांनी जरा नीट सांगा.

प्रयोगवही
मामा, ती अ‍ॅडेनोव्हायरसची, म्हणजे सर्दी-ताप आणणाऱ्या एका विषाणूची लस, टाइप ४ आणि टाइप ७, दोन प्रकारांच्या दोन गोळ्या. प्रयोग नाही, रीतसर मंजूर आहे. विषाणू जिवंत असतो पण गोळीवरचं आवरण पोटात विरघळत नाही, आतड्यात जाऊन उघडतं, तिथे विषाणू वाढला तरी आजार होत नाही आणि प्रतिकारशक्ती मात्र तयार होते. म्हणून चावायची नाही.
गंमत म्हणजे भाचा आहे तिथूनच ही गोष्ट सुरू झाली. १९५२-५३ च्या हिवाळ्यात फोर्ट लेनर्ड वुडलाच तापाची साथ आली होती आणि वॉल्टर रीड या आर्मीच्या संशोधन संस्थेतल्या मॉरिस हिलमन यांनी तिथल्या आजारी पोरांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा केला. घरी राहणाऱ्या माणसाला याचा तेवढा त्रास नाही, पण बारा गावची पोरं एका बरॅकीत झोपतात, झोप अपुरी, अंग दमलेलं, मग एकाला झालं की सगळ्यांना. बाहेर गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर कंपनी आपणहून कशाला बनवेल? म्हणून सैन्यालाच पाठी लागावं लागतं.
१९७१ पासून गोळ्या सर्रास द्यायला लागले आणि साथी बसल्या. बनवणारी कंपनी एकच, कारखाना सुधारायचा खर्च कोणी उचलायचा यावर गाडं अडलं आणि १९९६ ला उत्पादन बंद. साठा १९९९ पर्यंत पुरवला. मग ये रे माझ्या मागल्या, बरॅकी पुन्हा तापानं भरल्या, काही रंगरूट दगावले. नवीन गोळी यायला २०११ उजाडलं. मला याचा आजही राग येतो, लस हातात होती हो!

रिटायर्ड_हवालदार
मी आपल्या फौजेतला. १९८० सालची गोष्ट, टीएबी, म्हणजे टायफॉइडची लस, टोचली की रात्री अख्खी बरॅक तापाने कण्हत असायची, दंड असा सुजायचा की सकाळी शर्टाची बाही चढत नसे. एमआय रूम, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याबाहेर लाइन, अन डॉक्टरसाब ‘अटेंड सी’, म्हणजे ड्युटीतून सुट्टी, लिहून देतात का याकडे सगळ्यांचे डोळे. तेव्हा शिव्या दिल्या, पण टायफॉइडने पलटणी कशा झोपायच्या ते जुन्या लोकांकडून ऐकलं तेव्हा कळलं. ताईंना सांगा पोरगं चांगल्या हातात आहे.

मीनल_लॅबवाली
अमेरिकन आर्मीने लस संशोधनाचं काम बांधलं कसं होतं ते सांगते, मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९१८ च्या फ्लूने त्यांच्या छावण्या उद्ध्वस्त केल्या होत्या, ते डोक्यात ठेवून जानेवारी १९४१ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या आधीच, आर्मीने साथरोगांसाठी बोर्ड नेमलं आणि त्याखाली एकेका आजाराचं कमिशन. त्यात विद्यापीठातले बिगरलष्करी संशोधक, आपापल्याच लॅबमध्ये काम करायचे, आर्मी पैसे आणि छावण्यांची दारं उघडी करून द्यायची. फ्लू कमिशनचे प्रमुख थॉमस फ्रान्सिस, आणि त्यांच्या हाताखाली मिशिगनमध्ये जोनास साल्क, हो, पुढे पोलिओ लसवाले तेच. १९४३ मध्ये सुमारे साडेबारा हजार जवानांवर फ्लूच्या लशीची चाचणी केली, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं पाणीवजा इंजेक्शन. लसवाल्यांपैकी २.२२ टक्के आजारी पडले, बाकीच्यांपैकी ७.११. एवढी माणसं एका जागी, रोजची हजेरी, आजारी पडला की लगेच नोंद, हे छावणीबाहेर कुठे मिळणार? पण १९४७ ला विषाणूच बदलला आणि तीच लस फोल ठरली, तेव्हापासून विषाणूवर सतत नजर ठेवावी लागते हे पक्कं झालं.
आणि ताईंची भीती अगदीच निराधार नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. १९४२ मध्ये पीतज्वराची लस टिकावी म्हणून त्यात मानवी सीरम (रक्तातला पातळ द्रव) घालत, त्यातून कावीळ पसरली, पन्नास हजारांच्या आसपास जवान हॉस्पिटलात. ती हेपेटायटिस बी होती हे नंतर सिद्ध झालं. चूक लक्षात आल्यावर सीरम काढून लस बनवली. म्हणून प्रत्येक बॅचची नोंद आणि तपासणी याबद्दल मी हट्टी आहे.

चिपळूणचा_मामा
सगळ्यांचे मनापासून आभार, ताईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ती आता शांत आहे. एकच शंका, ट्रेनिंग संपल्यावरच्या समारंभाला, ग्रॅज्युएशनला, धाकटी भाची तिचं सहा महिन्यांचं बाळ घेऊन जाणारे, चालेल ना? विषाणू जिवंत म्हणालात म्हणून विचारतो.

प्रयोगवही
बरं झालं विचारलंत. विषाणू शौचावाटे २८ दिवसांपर्यंत बाहेर पडू शकतो, तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत जपायचं, हात साबणाने स्वच्छ धुवायचे. पण गोळ्या पहिल्या आठवड्यात झाल्यात आणि ट्रेनिंग दहा आठवड्यांचं, तोवर मुदत कधीच उलटलेली असेल. बाळाला मामाच्या मांडीवर खुशाल बसवा.