‘दोन ओळींत जेसन’ म्हणे!

निपाणीकर_७ यांची सकाळची पोस्ट: ‘पायथनमध्ये डेटा जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, ठेवायचा तर लिहायला जेसन.डम्प्स नि वाचायला जेसन.लोड्स. दोन ओळी, विषय संपला. गेलं तसं परत येतं. डेटाचे प्रकार तपासणारं पायडँटिक वगैरे सगळं बेंगळूरवाल्यांचं शायनिंग.’

खानापूर_रोड: काय गेलं तसं परत येतं ओ? टपल (न बदलणारी यादी) पाठवा, साधी लिस्ट येते. डिक्टमध्ये, म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांत, ५९०००१ ही पिनकोडची इंटिजर (पूर्णांक) किल्ली टाका, येताना स्ट्रिंग होऊन येते आणि शोधायला गेलात की कीएरर. तारीख तर पाठवतानाच टाइपएरर देते. मग लोक डीफॉल्ट=एसटीआर मारतात, म्हणजे जमत नाही ते अक्षरांत लिही. एरर गप्प होते, पण लोड्स तारीख परत देत नाही, नुसती अक्षरं देतो.
आपल्याकडचा जमिनीचा उताराच घ्या. २ एकर ३० गुंठे. पोरं २.३० असा फ्लोट (दशांश आकडा) करतात, फाइलीत पडतं २.३, वाचणारा धरतो ३ गुंठे. त्यात १.२० मिळवा, उत्तर ३.५. खरं क्षेत्र ४ एकर १० गुंठे, कारण एकराचे गुंठे ४०. सगळं गुंठ्यांत इंटिजर ठेवा, ११० आणि ६०, बेरीज १७०. हे तुमच्या दोन ओळींत कुठं बसतं?

निपाणीकर_७: अवो, गुंठ्यांचं पाप जेसनच्या माथी का? फ्लोट करणाऱ्याची चूक ती. डेसिमल (अचूक दशांश) हवा तर लोड्सला पार्स_फ्लोट=डेसिमल द्या की.

खानापूर_रोड: ते वाचताना. लिहिताना डम्प्स डेसिमल घेतच नाही, टाइपएरर. आणि फाइलीत आधीच २.३ पडलंय तर डेसिमल तरी शून्य कुठून आणणार? निम्माच रस्ता सांगून मोकळे झालात.

टिळकवाडी_टर्मिनल: हे असू दे. खरी कटकट कुणी बोलतच नाही. डम्प्स मराठी खातो! ‘बेळगाव’ लिहिलं की फाइलीत नुसते यू आणि आकडे. सहा कोडपॉइंट (युनिकोड चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट, इथं ३६. अक्षरं जशीच्या तशी ठेवणारं एन्शुअर_आस्की=फॉल्स हे डीफॉल्ट का नाही? २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकानं यूटीएफ-८ सक्तीचं केलंय ना?

चिकोडी_कडक: सक्ती एन्कोडिंगची आहे. एस्केप केलेलं, म्हणजे यू-आकड्यांत लिहिलेलंही वैध जेसनच, लोड्सला दोन्ही सारखं. त्रास तुमच्या डोळ्यांना, डेटाला नाही. उलट फॉल्स करा आणि विंडोजवर ओपनला एन्कोडिंग द्यायला विसरा. तिथलं जुनं एन्कोडिंग सीपी१२५२ असेल तर त्यात देवनागरी नाही, युनिकोडएन्कोडएरर. जुनी फाइलही गेली, कारण लिहिण्यासाठी ‘डब्ल्यू’नं उघडतानाच ती पुसली जाते.

टिळकवाडी_टर्मिनल: म्हणजे फाइलीतले बदल दाखवणाऱ्या गिटवर कुणाचं नाव बदललं हे मराठी माणसानं आकडे वाचून ओळखायचं? कन्नडवालेही हेच भोगतात. निदान इथं तरी सीमावाद नाही!

चिकोडी_कडक: भाषण नको. तुमची ‘वाचता येणारी’ फाइलच फसवते. ‘शेतकऱ्याचे_नाव’ ही किल्ली दोन तऱ्हांनी टाइप होते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (जोडचिन्ह). स्क्रीनवर एकच, किल्लीनं शोधणारा गेट मात्र नन (काहीच नाही) देतो. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, बदल स्वतः करावा लागतो. तुम्ही शिव्या घालता त्या आकड्यांत ‘ऱ’चा ०९३१ कुठं आणि झेडडब्ल्यूजेचा २००डी कुठं, ते लगेच दिसतं.

निपाणीकर_७: मग किल्ल्या मराठीत ठेवायच्याच कशाला?

टिळकवाडी_टर्मिनल: आलात वळणावर! किल्ली इंग्रजी केलीत, आडनाव ‘वऱ्हाडे’च राहणार ना? शोधा मग.

कडोली_कमिट: तुमचं चालू द्या. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतला रिकामा रकाना नॅन (‘आकडा नाही’) होतो आणि डम्प्स तो निमूट लिहितो. ते जेसनच नाही, ब्राउझरचा जेसन.पार्स तिथंच आडवा होतो. अलाउ_नॅन=फॉल्स द्या, व्हॅल्यूएरर तुमच्याच घरात येईल.

निपाणीकर_७: बरं बाबांनो, दोन नाहीत, तीन ओळी. खूश? पायडँटिक मात्र घालणार नाही.

खानापूर_रोड: नका घालू. डेटाक्लास (तुम्ही बनवलेला डेटाचा साचा) अ‍ॅजडिक्टनं जातो, परत येतो तो साधा डिक्ट. तारखेला अक्षरांची तारीख करणारं फ्रॉमआयसोफॉरमॅट तुम्हीच लावायचं. शेवटी यूटीसी वेळेचा झेड असला तर ३.११ च्या आधीचा पायथन तिथंही अडतो. चौथी ओळ मोजा.