मडमध्ये तयार एरिया ठेवायचे की पन्हाळा स्वतः लिहायचा?

रंकाळा_बिल्डर: मंडळी, आम्ही कोल्हापुरातले तिघं सर्कलमडवर (मड म्हणजे अनेकांनी ऑनलाइन मिळून खेळायचा, नुसत्या मजकुराचा खेळ; सर्कलमड हा त्याचा तयार कोड) मराठी मजकुराचा खेळ उभा करतोय. सोबत मिडगार्ड शहराचा एरिया, म्हणजे खेळातला तयार भाग, आयता मिळतो, दुकानं, गिल्ड, पहारेकरी सगळं. त्याचंच मराठी करावं, की पन्हाळा पहिल्यापासून लिहावा? दोस्त म्हणतो, लिहीत बसलास तर खेळ सुरूच व्हायचा नाही.

गंगावेशकर: पन्हाळाच लिही गड्या. खेळातली प्रत्येक जागा म्हणजे एक नंबर दिलेली ‘खोली’; ३००१ नंबरची खोली म्हणजे मिडगार्डचं देऊळ. जुने खेळाडू तिथनं डोळे झाकून बाजारात जातात, वर्णन वाचतीलच कशाला? आणि या खेळात वर्णन हेच सगळं. गडावरची अंधारबाव बघ: तीन मजली बांधकाम, तळाला पाणी. तीन खोल्या कर, वर-खाली वाटा दे, डार्क फ्लॅग (खोली अंधारी असल्याची खूण) लाव म्हणजे दिव्याशिवाय काही दिसणार नाही. शेजारीच तीन दरवाजा. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं तर नावासकट तयार आहेत! वही घेऊन गडावर जा, पायऱ्या, वळणं, कुठं उजेड येतो ते टिपून आण.

जुना_कोडर: मिडगार्ड पुसू नका राव. दुकानाच्या फाइली, झोन रीसेट (एरियातली पात्रं-वस्तू ठरावीक वेळानं पुन्हा जागेवर आणणं) त्यातूनच कळतात. चाचणीला ठेवा, खेळाडूंना बंद. सर्कलमड ज्या डिकूमडच्या कोडवर उभं आहे, त्या डिकूचं लायसन्सही पाळा: लॉगिनला मूळ लेखकांची नावं हवीत, आणि खेळातून नफा कमवायचा नाही.

रंकाळा_बिल्डर: ठरलं, आधी अंबरखाना. वर्णनं इथंच टाकतो, पन्हाळ्याचं कुणी असेल तर तपासून द्या.