विल्सन बेंटलीने हिमकणांचे फोटो नेमके कसे काढले?

कोजागिरी (धागाकर्ती)

विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी. त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची वीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचा फोटो घेतला, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. कृती मात्र कुठे धड दिलेली नसते. स्फटिक उचलून काचेवर ठेवेपर्यंत तो वितळत कसा नव्हता? उजेड कुठून घ्यायचा? आणि मागचा तो काळाभोर रंग खरा की नंतर केलेला? फोटो ‘बनवलेले’ आहेत असंही काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे का? मुलांसाठीच्या एका लेखाकरता विचारतेय.

काचपट्टी

वितळण्याबद्दल आधी. बेंटली घराच्या मागच्या अंगाला, शेगडी न पेटवलेल्या जागेत काम करायचा. काचा, सूक्ष्मदर्शक, काड्या सगळं तिथेच ठेवलेलं असल्यामुळे बाहेरच्या हवेइतकंच गार असायचं.

फूटभर लांबी-रुंदीची काळी रंगवलेली फळी तो पडत्या बर्फात धरायचा. फळीला तारेच्या मुठी होत्या, कारण हातमोज्यातूनही लाकडाला ऊब पोचते. फळी फार वेळ धरली तर स्फटिक एकमेकांवर पडून गुंततात, म्हणून काही क्षणांतच आत आणायची आणि भिंगातून पाहायचं. कामाचं काही नसेल तर पिसाने फळी साफ करून पुन्हा बाहेर. चांगला स्फटिक दिसला की काडीचं टोक त्याच्या मध्यावर हलकेच टेकवायचं, तो काडीला चिकटून येतो. मग काचपट्टीवर ठेवून पिसाने अलगद दाबायचा. हे दाबणं महत्त्वाचं आहे. स्फटिक काचेला सपाट बसला नाही तर एक फांदी स्पष्ट येते आणि समोरची धूसर. हे सगळं श्वास रोखून करायचं, एक उच्छ्वास लागला की खेळ संपला.

वितळणं ही तरी अर्धीच अडचण आहे. तापमान शून्याखाली असलं तरी बर्फाची थेट वाफ होत राहते आणि सगळ्यात आधी झिजतात ती टोकं. बेंटलीच्या संग्रहात एखाद्या स्फटिकाच्या कडा गोलसर, बोथट दिसल्या तर बऱ्याचदा त्याला काचेवर यायला उशीर झालेला असतो (किंवा तो ढगातून खाली येतानाच झिजलेला असतो).

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

कॅमेऱ्याचं मी सांगतो. भात्याचा मोठा कॅमेरा, त्याला जोडलेला सूक्ष्मदर्शक, आणि त्याचं तोंड खिडकीकडे. उजेड स्फटिकाच्या मागून आरपार येतो. मागच्या दुधी काचेत बघत असताना हात पुढच्या स्क्रूपर्यंत पोचत नसे, म्हणून त्याने चाक आणि दोरी बसवून फोकस मागूनच फिरवायची सोय केली होती. प्रकाशाचं छिद्र तो अगदी बारीक ठेवायचा. त्याने आतल्या रेषा खुलतात, पण उजेड घटतो आणि प्लेट (फोटो उमटणारी काच) कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात जमिनीला धक्का लागला तरी चित्र हललं.

आता काळा रंग. मागून उजेड असल्यामुळे निगेटिव्हवर (उजेड-अंधार उलटे उमटलेल्या प्लेटवर) पार्श्वभूमी गडद येते आणि छापल्यावर पांढरी. पांढऱ्यावर पारदर्शक स्फटिक कसा उठून दिसणार? म्हणून बेंटली मूळ प्लेटची नक्कल काढायचा आणि त्या नकलेवर स्फटिकाच्या बाहेरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर धारदार चाकूने खरवडून टाकायचा. खरवडलेली जागा म्हणजे नुसती काच, ती छापल्यावर काळी येते. गुंतागुंतीच्या फांद्या असतील तर एका प्लेटवर तासन् तास जायचे.

‘बनवलेले’ हा आरोप इथूनच आला. जर्मनीतल्या रिखार्ड नॉयहाउस या छायाचित्रकाराने त्या काळीच यावर कडक टीका केली होती. माझं मत स्पष्ट आहे: आतली नक्षी शंभर टक्के खरी, कारण चाकू तिथे जातच नाही. बाहेरची कड मात्र चाकूने ठरवलेली असते, तेव्हा कडेचं बारीक मोजमाप त्या छापावरून घेऊ नये. त्याहून मोठी मर्यादा निवडीची आहे. आभाळातून पडणारे बहुतेक स्फटिक वाकडेतिकडे, तुटलेले असतात. बेंटलीने सुबक ते निवडले. लेखात हे जरूर लिहा.

कोजागिरी

दोघांचेही मनापासून आभार. नक्कल खरवडायचा हे माहीतच नव्हतं. ‘दोन हिमकण कधीच सारखे नसतात’ हे वाक्य घेऊ का?

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

बेंटलीचं म्हणणं म्हणून घ्या, सिद्ध नियम म्हणून नको. १९८८ मध्ये नॅन्सी नाइट या अमेरिकन संशोधिकेने विस्कॉन्सिनवर विमानातून गोळा केलेल्या नमुन्यांत सारखे दिसणारे दोन स्फटिक दाखवले. ते साध्या घडणीचे, पोकळ खांबासारखे होते. फांद्याफांद्यांच्या ताऱ्यांत अशी जोडी सापडणं फार अवघड.

पाऊसमापक

पावसाचा प्रयोग सोडू नका, माझ्या मते त्याचं सर्वात भक्कम काम ते आहे. १८९८ ते १९०४ या काळात त्याने थेंबांची ३४४ मोजमापं घेतली. पसरट पत्र्याच्या भांड्यात इंचभर जाडीचा बारीक पिठाचा थर, वरून सपाट पण न दाबलेला. भांडं पावसात साधारण चार सेकंद धरायचं. प्रत्येक थेंबाची कणकेची गोळी होते. ती पिठातच वाळून कडक होऊ द्यायची, मग काढून मोजायची. पीठ दाबलेलं असेल तर थेंब फुटतो, आणि भांडं जास्त वेळ धरलं तर दोन थेंबांची एक गोळी होते.

गोळी म्हणजेच थेंब कशावरून? त्याने आधी ठाऊक आकाराचे थेंब उंचावरून पिठात सोडून गोळ्यांशी ताडून पाहिले होते. १९४३ मध्ये लॉज आणि पार्सन्स या अमेरिकन संशोधकांनी पिठाचीच पद्धत वापरली, फक्त गोळ्या चाळण्यांनी आकारवार वेगळ्या करून त्यांचं वजन केलं.

काचपट्टी

एक भर. ५००० हून जास्त प्लेटा काढल्यावर २४०० हून अधिक चित्रांचं त्याचं पुस्तक, हवामान खात्यातल्या विल्यम हम्फ्रीज यांच्या साथीने, १९३१ च्या नोव्हेंबरात आलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला हिमवादळातून चालत घरी आल्यावर न्यूमोनियाने तो गेला. मूळ काचा बफलोच्या विज्ञान संग्रहालयात आहेत आणि कॅमेरा जेरिकोच्या जुन्या लाल गिरणीत. लेखासाठी चित्र निवडताना मूळ प्लेट आणि खरवडलेली नक्कल शेजारी शेजारी छापा, मुलांना चाकू कुठे फिरला ते लगेच कळेल.